तडकलेलं हूड घरी जोडताना

ट्रॅक्टरच्या हूडाला तडा जातो तो बहुतेक वेळा बोल्टाच्या भोकापासून. पाइपांच्या सांगाड्यावर फायबरचं छत बसवलेलं असतं, एखादा बोल्ट ढिला होतो, आणि वाळून दगड झालेल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांतून ट्रॅक्टर चालला की ते छत तेवढ्या एका कोपऱ्यात फडफडायला लागतं. दसऱ्याला बोटभर असलेला तडा उसाचा हंगाम भरात येईपर्यंत वीतभर होतो. मग कोणी त्यावर पत्र्याची पट्टी रिबिटाने ठोकतं, कोणी मळलेलं एपॉक्सी थापतं, तर कोणी सुतळीने बांधून कारखान्याच्या काट्यापर्यंतची खेप मारून घेतं.

यातले पहिले दोन प्रकार मी स्वतः करून बसलोय. पत्र्याच्या पट्टीने तडा थांबला नाहीच, उलट रिबिटाच्या भोकांतून नवे फुटले. एपॉक्सीचा थापा महिनाभर टिकला आणि एका दुपारी खपलीसारखा खाली पडला. तिसऱ्यांदा हूड उतरवलं, पालथं घातलं आणि आतल्या बाजूने काम केलं, ते अजून टिकून आहे. तडा दिसतो वरून, पण जोड द्यायचा असतो आतून. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने एवढं धरून चाललं तरी पुष्कळ.

फायबर म्हणजे नक्की कोणतं?

आपल्या बोलण्यात फायबर हा शब्द फार सैल आहे. मोटारसायकलचं साइड पॅनल फायबर, स्कूटीचं पुढचं तोंड फायबर, अंगणातली खुर्चीही फायबरची. यातलं बरंचसं साधं प्लास्टिक असतं आणि त्याला ही पद्धत लागू पडत नाही. म्हणून सामान आणायच्या आधी भाग उलटा करून बघा. काचेचे धागे घातलेलं खरं फायबर समोरून गुळगुळीत आणि मागून खरबरीत असतं, मागे शेवया सांडल्यासारखा धाग्यांचा गुंता दिसतो. प्लास्टिकचा भाग मागूनही एकसारखा असतो आणि बहुधा तिथे एबीएस किंवा पीपी अशी अक्षरं उठवलेली असतात. तरी शंका राहिली तर आतल्या एखाद्या कोपऱ्यात ८० नंबरचा पॉलिश पेपर घासा. फायबरची कोरडी पांढरी भुकटी पडते. प्लास्टिकच्या गुठळ्या होतात आणि पेपर भरून येतो. पीपीवर तर रेझिन (धागे चिकटवणारं, वाळून घट्ट होणारं द्रव्य) धरतच नाही, वाळलं की पापडासारखं सुटून हातात येतं. तसा भाग प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे द्यावा.

ट्रॅक्टरची बरीच हूडं, जीपचे फायबर टॉप, ट्रॅव्हल्सच्या बसचे पुढचे-मागचे शो हे बहुधा खरं फायबर. हेल्मेटचं कवचही काही वेळा काचेच्या फायबरचं असतं, पण ते जोडायच्या भानगडीत पडू नका. तडकलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं.

हे काम घरी जमतं याला कारण आहे. मुळात ही वस्तू हातानेच बनते. १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट फायबरच्या बॉडीत आली तेव्हा पहिल्या वर्षीच्या ३०० गाड्या जवळजवळ हातानेच तयार झाल्या होत्या. आपल्याकडे १९८०च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन गाडी फायबरच्याच बॉडीची होती. साच्यात काचेची मॅट पसरायची, रेझिनने भिजवायची, थर चढवायचे, ही झाली बनवण्याची रीत. आपल्याला तेच करायचंय, फक्त साचा नाही आणि जागा वीतभर.

सामान

काचेची मॅट म्हणजे चॉप्ड स्ट्रँड मॅट घ्या. तुटक धाग्यांची चादर असते, ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची. पॉलिएस्टर रेझिन, ते घट्ट व्हायचा वेग वाढवणारं कोबाल्ट आणि ते घट्ट करणारं कॅटलिस्ट. कॅटलिस्टला दुकानात हार्डनरही म्हणतात. ॲसिटोन, दोन-तीन स्वस्त ब्रश (ते फेकावेच लागतात), प्लास्टिकचे मग, औषधाच्या दुकानातून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज, ग्रॅमचा वजनकाटा. पुढच्या कामाला लांबी (खड्डे भरायची पुट्टी), प्रायमर, पॉलिश पेपर.

तालुक्याच्या रंगाच्या दुकानात लांबी आणि पेपर मिळतात, रेझिन-मॅट मिळेलच असं नाही. संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या शहरांत फायबरचे दरवाजे, टाक्या, पुतळे बनवणारे कारागीर शोधा. अर्धा किलो रेझिन आणि मॅटचा तुकडा त्यांच्याकडून सुटा मिळू शकतो, आणि दहा मिनिटं उभं राहून त्यांचा हात बघितला तर या लेखापेक्षा जास्त कळेल.

किती लागेल? धरा, जोडायची जागा १५ बाय ३० सेंटीमीटर आहे आणि तीन थर द्यायचेत. मॅट साधारण ६० ग्रॅम होते. रेझिन मॅटच्या दोन-अडीच पट, म्हणजे १२० ते १५० ग्रॅम. पावशेरात काम होतं. पाच किलोचा डबा घेऊ नका. रेझिन आपोआपही हळूहळू घट्ट होत जातं, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलं तर लवकरच.

एपॉक्सी रेझिन जास्त चिवट आणि महागही. पण नवख्याने ते साध्या मॅटसोबत वापरू नये. या मॅटचे धागे ज्या चिकटद्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रावकात विरघळतं, तेव्हा मॅट लुसलुशीत होऊन कोपऱ्याकोपऱ्यात बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट ताठ राहते आणि खाली हवा धरते. एपॉक्सीला विणलेलं काचकापड लागतं. दुसरं असं की जुन्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. माझ्यासारखं कोणी आधी थापा मारून ठेवला असेल तर तो मुळापासून घासून काढा.

तीन धोके

कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. एक थेंबही नाही. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच कॅटलिस्ट. त्याहून बरं म्हणजे विकत घेतानाच दुकानदाराला कोबाल्ट मिसळून द्यायला सांगा. असं रेझिन बहुधा गुलाबी-जांभळट दिसतं. घरी आणली ती फक्त कॅटलिस्टची बाटली, म्हणजे चुकायला जागाच नाही. दोन्ही बाटल्या आणाव्याच लागल्या तर वेगवेगळ्या पिशव्यांत आणि दोघांना वेगवेगळी सिरिंज.

कॅटलिस्ट डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला, बादलीभर स्वच्छ पाणी जवळ ठेवा. उडालंच तर पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि तसेच दवाखान्यात जा.

तिसरा धोका धुळीचा आणि वासाचा. घासताना काचेची बारीक भुकटी उडते, तिला एन-९५ मास्क लागतो, तोंडाला बांधलेल्या उपरण्याने काही अडत नाही. रेझिनच्या वासाला हा मास्कही पुरत नाही, त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क किंवा चारी बाजूंनी उघडी जागा. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि पेटतेही. बंद खोलीत, चुलीजवळ, विडी ओढत हे काम होत नाही. आणि कडब्याच्या गंजीपासून, जनावरांच्या हौदापासून लांब घासा. ती भुकटी वैरणीवर पडली तर जनावर काही सांगायला येत नाही.

अंगाला खाज सुटणारच. घासायच्या आधी हातांना टाल्कम पावडर चोळा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला. झाल्यावर आधी गार पाण्याने धुवा, खसखसून चोळू नका. रुतलेले धागे चिकटपट्टीने निघतात. तो सदरा घरच्या कपड्यांत धुवायला टाकलात तर घरातल्या सगळ्यांना खाज सुटेल आणि मग तुमचं काही खरं नाही.

हूड उतरवणं आणि घासणं

गाडीवर चढून, मान वर करून हे काम होत नाही. ओलं रेझिन खाली तोंडावर गळतं. हूड उतरवा. उतरवताना तडा का गेला ते शोधा: बोल्ट ढिला, रबरी वॉशर गायब, की सांगाड्याचा पाइपच तुटलाय? कारण तसंच ठेवून तडा जोडला तर तो शेजारून फुटेल. पाइपाला वेल्डिंग करायचं असेल तर ते हूड खाली असतानाच करून घ्या. फायबर पेट घेतं.

मग साबण-पाण्याने धुवा. डिझेल, ग्रीस, धूळ घासायच्या आधीच गेली पाहिजे, नाहीतर पेपर तेच तेल आत रगडून बसवतो. वाळल्यावर ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. आता रुपयाच्या नाण्याने तड्याच्या आजूबाजूला वाजवत जा. चांगल्या जागी खणखणीत वाजतं, आतून थर सुटलेत तिथे बद्द आवाज येतो. पेन्सिलीने त्या बद्द जागेची हद्द आखा. तडा वीतभर दिसतो आणि बद्द जागा दीड वीत निघते, असं नेहमी होतं. काम त्या आखलेल्या हद्दीचं.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं एक-एक भोक पाडा. टोकाशी ताण साचतो म्हणून तडा पुढे सरकतो, गोल भोकाने तो ताण विखुरतो आणि तडा थांबतो. टोक नीट दिसत नसेल तर थोडी शाई चोळून पुसा, रेघ उठून दिसते.

आता वरच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूने तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आणून रुंद चिकटपट्टी लावा. कडा वर-खाली होत असतील तर प्लायवूडच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून ती वरून क्लॅम्पने आवळा. पालथं घालून एकदा डोळा लावून बघा. इथे एक मिलिमीटर चुकला तर पुढे लांबी भरता भरता दिवस जातो.

घासणं हे या कामाचं निम्मं काम आहे आणि सगळे टाळतात तेही हेच. आतल्या बाजूने, तड्याच्या दोन्हीकडे किमान दोन-दोन इंच, ४० नंबरच्या पेपरने किंवा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने घासा. मध्ये तड्याशी खोल, कडेला उथळ, परातीसारखा उतार. हूडाची जाडी ३ मिमी असेल तर तड्याशी बऱ्यापैकी पातळ होईपर्यंत उतरवायचं. चांगलं फायबर कापताना हात कचरतो, माझाही कचरला होता. पण नवा थर जुन्याला धरतो तो केवळ पृष्ठभागाने. या दोघांत रसायनाची सोयरीक जवळजवळ होत नाही, जुनं कधीच वाळून बसलेलं असतं. जेवढा खरबरीत उतार लांब, तेवढी पकड. चकाकी कुठे शिल्लक दिसली तर तिथे धरणार नाही असं समजा. ग्राइंडर एका जागी टेकवून ठेवू नका, जळल्याचा वास येतो आणि ती जागा कमजोर होते.

भुकटी ब्रशने झटका, ॲसिटोनने पुसा, सुकू द्या. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

मॅट बसवणं

मॅटचे तीन तुकडे करा: पहिला घासलेल्या पूर्ण जागेएवढा, दुसरा त्याहून आत बोटभर लहान, तिसरा आणखी लहान. कडा कात्रीने न कापता हाताने फाडा. फाडलेल्या कडेचे धागे विरळ होत जातात आणि जोडाची पायरी दिसत नाही. मोठा तुकडा आधी की लहान, यावर कारागिरांचे दोन तट आहेत. मी मोठा आधी लावतो, कारण जुन्या फायबरला सगळ्यात जास्त जागा तोच धरतो आणि नंतर कडा घासताना तो कापला जात नाही. पावसाळ्यात मॅट दमट होते, तासभर उन्हात टाकून घ्या.

एका वेळी ७०-८० ग्रॅमच रेझिन मिसळा. कॅटलिस्टचं प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम, सिरिंजने मोजून. दोन टक्क्यांच्या वर गेलं तर तडकतं. आणि अर्ध्या टक्क्यावर आलं तर आठवडाभर चिकटच राहतं. मिनिटभर सावकाश ढवळा, मगाच्या कडा आणि तळ खरवडत. फेटू नका, हवा शिरते.

आपल्या हवेचा हिशोब इथे येतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना मी भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो. कॅटलिस्ट झाकणाने ओतलं, ‘असेल तेवढंच’ म्हणून. पहिला थर पसरेपर्यंत मगात गोळा झाला, मग गरम, मग धूर, आणि तो प्लास्टिकचा मग बुडाशी वाकला. रेझिन घट्ट होताना स्वतःची उष्णता काढतं, खोल मगात ती कोंडते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम करा, १ टक्का पुरे, आणि मिसळलेलं रेझिन लगेच पसरट डब्यात ओता. तरी तापायला लागलंच तर मोकळ्या मातीवर पसरून टाका, कचऱ्याच्या डब्यात नको. डिसेंबरात उलट. सकाळी हूड गारठलेलं असतं, तेव्हा दुपार होऊ द्या आणि दीड-दोन टक्के घाला. साधारण हवेत हाताशी पंधरा-वीस मिनिटं असतात, कडक उन्हाळ्यात त्याच्या निम्मीही नाहीत.

आधी घासलेल्या जागेवर ब्रशने रेझिनचा पातळ हात. त्यावर मोठा तुकडा. आता ब्रश ओढायचा नाही, टिपायचा, गेरूचे ठिपके देतात तसा. ओढला की धागे गोळा होऊन ब्रशला येतात. पांढरी मॅट भिजत जाईल तशी पारदर्शक होते आणि खालचा रंग दिसायला लागतो. पांढरं उरलं तिथे रेझिन कमी किंवा हवा आहे, मधून कडेकडे टिपत ती बाहेर काढा. डबकं साचलं तर तेही चांगलं नाही. रेझिन एकटं काचेसारखं ठिसूळ असतं, बळ धाग्यांचं. पहिला ओला असतानाच दुसरा, मग तिसरा. तीनच्या वर एका बैठकीत जाऊ नका, उष्णता वाढून भाग वाकतो.

थोड्या वेळाने थर खरवसासारखा होतो: बोटाला लागत नाही पण दबतो. कडेबाहेर आलेले धागे ब्लेडने कापायची हीच वेळ. तासाभराने त्याच कामाला करवत लागेल. ब्रश ॲसिटोनमध्ये बुडवला नसेल तर तो एव्हाना काठी झालेला असतो.

वरचा पृष्ठभाग दुसऱ्या दिवशीही थोडा चिकट लागला तर घाबरू नका. हवेतला ऑक्सिजन लागला की पॉलिएस्टरचा अगदी वरचा पापुद्रा नीट घट्ट होत नाही. ॲसिटोनने पुसला की जातो. नखाने दाबून खाली मऊ लागलं, तर मात्र प्रमाण चुकलंय. ते खरवडून पुन्हा करण्यावाचून इलाज नाही. पूर्ण दिवस, म्हणजे २४ तास, हात लावू नका.

वरची बाजू

आता हूड सुलटं करा, चिकटपट्टी काढा. तड्याची रेघ पेचकसाच्या टोकाने किंवा पेपरची घडी घालून व्हीच्या आकारात थोडी उघडा. त्यात रेझिनमध्ये मॅटचे बारीक कातरलेले धागे कालवून भरा. वाळल्यावर ८० नंबरने सपाट करा, मग लांबी. लांबी सपाटीसाठी आहे, ताकदीसाठी नाही. २-३ मिमीपेक्षा जाड थर गाडीच्या हादऱ्याने उडतो. ती मळताना लाल हार्डनरच्या रेघा राहता कामा नयेत, एकसारखा गुलाबी रंग आला पाहिजे. लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की नाल्या पडतात. ८०, मग १२०, मग २२०.

लांबी पाणी पिते. ती उघडी ठेवून रात्री बाहेर सोडू नका आणि ओल्या पेपरने घासू नका. त्याच दिवशी प्रायमर मारा. प्रायमर वाळल्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर चालतो. रंगाचा स्प्रे घरी जमेल, पण जुळणारी छटा काढणं जमणार नाही. हूडाचा मूळ लाल उन्हाने गेरूकडे झुकलेला असतो. मी पूर्ण हूडच एका रंगात मारून घेतलं. नुसत्या गेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत रंगीत थराला) जळमटासारखी बारीक जाळी पडलेली असेल आणि मागून काहीच दिसत नसेल, तर मॅटचा खटाटोप नकोच. जाळी घासून, लांबीचा पातळ हात देऊन रंगवा.

बसवताना

बोल्टाचं भोक जोडात बुजलेलं असेल तर नवं पाडा, ८ मिमीच्या बोल्टाला १० मिमीचं. घट्ट भोकात फायबरला हालायला जागा राहत नाही आणि तडा तिथूनच सुरू होतो. वरून रुंद लोखंडी वॉशर, तिच्याखाली रबरी वॉशर, पाइप आणि फायबरच्या मध्ये आणखी एक रबर. सायकलच्या जुन्या ट्यूबचं चालतं. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला घ्या. आवळताना रबर किंचित फुगलं की थांबा. पाना आणखी अर्धा फेरा मागतो, तो देऊ नका.

आठ-दहा दिवस काम झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा बघा. जोडाच्या टोकाशी वरून केसासारखी रेघ दिसली, तर हूडाखाली उभं राहून वर बघा. आतून मॅट अखंड असेल तर ती रेघ रंगाची आहे, चालू द्या. आतूनही उमटली असेल तर हूड पुन्हा पालथं घाला.